नानांच्या जीपचं कापरं

मी जपानला निघाले त्या दिवशीही नानांनी जीप रिकामी नेली नाही.

नाना म्हणजे माझे वडील. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या रस्त्याला आमचं गाव, आणि त्या रस्त्यावर नाना वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप चालवायचे. मुलगी परदेशी चाललीय म्हणून गाडी खास काढावी, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. रोज राजूरकडे जाणारी जीप त्यांनी त्या दिवशी घोटीकडे वळवली, एवढाच काय तो बदल. मागे आठ माणसं, मध्ये चार, टपावर माझी नवी सूटकेस आणि तिच्या शेजारी कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं. मी पुढे, नानांच्या बाजूला. मी कुठे चाललेय ते अख्ख्या गाडीला ठाऊक होतं आणि प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक सल्ला होता.

“तिकडं म्हनं जमीन हालती,” मागून एक म्हातारबाबा म्हणाले.

“हालू दे की,” नाना आरशात बघत म्हणाले. “माझ्या जीपमदी वाढलीय ती.”

सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि त्या हसण्यात रडायचं राहून गेलं.

आई घोटीपर्यंत आली नाही. भात लावणीचे दिवस होते, खाचरात बायका वाकलेल्या होत्या. ती बांधावर आली आणि दोन्ही हात मागे धरून उभी राहिली, कारण हात चिखलानं भरलेले आणि माझा ड्रेस नवा. “तिकडं भातच खात्यात ना?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. “मग मला काळजी न्हाई,” म्हणून ती परत खाचरात उतरली.

घोटीला मुंबईची एसटी लागलेलीच होती. नानांनी सूटकेस आत ठेवली, “पोचली की कळव” म्हणाले आणि खाली उतरले. गाडी सुटताना मी खिडकीतून बघितलं, तर ते जीपचं बॉनेट उघडून आत वाकून उभे होते. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. नुसतं वाकून उभे होते.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून लांब गेले आणि जे मागे गावातच राहिले, त्या दोघांनाही आज मला एका कॅमेऱ्याची गोष्ट सांगायची आहे. ती आठवली की अजूनही मला आनंदानं हसू फुटतं.

मी संगमनेरला इंजिनीअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, आणि तिथून दोन वर्षांच्या करारावर योकोहामाच्या एका कॅमेरा कंपनीत गेले. पहिल्याच मीटिंगमध्ये मला हसू दाबावं लागलं. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. साहेब एक वाक्य बोलायचे आणि टेबलाभोवतीचे सगळे “हाय, हाय” म्हणायचे. डोळे मिटले तर राजूरच्या स्टँडवर उभी असल्यासारखं वाटायचं. ‘बस हाय का? हाय की.’ परक्या भाषेतला तो एक शब्द मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

तेव्हा डिजिटल कॅमेरा हीच मोठी नवलाई होती. बहुतेक लोक अजून रोल भरत होते. आम्ही करत होतो तो कॅमेरा वरच्या दर्जाचा होता, धंद्यातल्या फोटोग्राफरसाठी नव्हे तर घरच्या हौशी माणसासाठी, आणि त्याला दहापट झूम होता. आता झूमची अडचण अशी, की लांबची वस्तू दहापट जवळ येते तशी हाताची थरथरही दहापट होते. माणूस कितीही धीराचा असो, त्याचा हात बारीकसा हलतच असतो. म्हणून आमच्या लेन्समध्ये एक काच तरंगती ठेवलेली होती. दोन चिमुकले सेन्सर हाताची थरथर ओळखायचे आणि ती काच उलट दिशेला सरकून चित्र जागच्या जागी धरून ठेवायची. काचेनं कधी सरकायचं, किती सरकायचं, हे तिला सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा एक तुकडा माझा होता.

ते पहिल्यांदा चालू झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. प्रयोगशाळेच्या खिडकीतून बंदर दिसायचं. मी एका जहाजाच्या डोलकाठीवर बसलेल्या समुद्रपक्ष्यावर झूम केला. पक्षी नुसता नाचत होता, म्हणजे माझा हात नाचत होता. मग मी बटण दाबलं. पक्षी थांबला. त्याच्या चोचीवरचा लाल ठिपका दिसला. मी मराठीतच ओरडले, “अगं बाई, थांबलं!” आमचे साहेब, मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडचे मोरिताराव, दारातून आत आले. काय ओरडले ते त्यांना कळलं नाही, पण का ओरडले ते कळलं. ते हसले आणि त्यांनीही माझ्या हातून कॅमेरा घेऊन तो पक्षी बघितला.

दीड वर्ष असं गेलं. दिवाळीला मी सुट्टी मागितली तेव्हा कॅमेरा जवळजवळ तयार होता. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी प्रोग्रॅमला कुलूप लागणार होतं, मग त्यातलं एक अक्षरही बदलता येणार नव्हतं. माझ्या कराराचेही थोडेच महिने उरले होते, आणि तो वाढवण्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मोरिता-सान चाचणीचा एकेक कॅमेरा देत होते. मला देताना त्यांनी चार कागदांवर सह्या घेतल्या, कॅमेऱ्यावरच्या नावावर काळी पट्टी चिकटवली आणि म्हणाले, “आम्हा सगळ्यांची घरं सारखीच. तुमचं घर लांब आहे. तिथे नेऊन बघा.”

मी घरी पोचले तेव्हा भाताची कापणी चालू होती. सगळं खोरं पिवळं झालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी कॅमेरा आईच्या हातात दिला. ती आधी घेईना. “माझ्या हातून पडंल, मोडंल,” म्हणत राहिली. मी तिचे हात धरून कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला आणि झूम पुढे नेला. समोरच्या टेकडीखाली, ओढ्यापलीकडे चार बायका भात कापत होत्या. नुसत्या डोळ्यांना त्या चार रंगीत ठिपके होत्या.

आईनं दुसरा डोळा घट्ट मिटला. मग म्हणाली, “अगं, ही तर यमुना. हिचा इळा बघ, नवा घेतलाय हिनं. मला म्हनली, जुनाच हाय.”

“आई, फोटो काढ. वरचं बटण दाब.”

“थांब गं. ती कुनाशी बोलती ते बघू दे आधी.”

पुढचा अर्धा तास तो कॅमेरा मला परत मिळाला नाही. आईनं आमच्या ओट्यावरून सगळं खोरं पालथं घातलं. कुणाच्या खळ्यावर पेंढ्या किती पडल्या, कुणाचा रेडा कुणाच्या बांधावर चरतोय, सगळी खबर तिनं ओट्यावर बसून घेतली. कळसूबाईच्या माथ्यावरच्या देवळाकडे कॅमेरा फिरवून तिनं पटकन एका हातानं नमस्कारही केला. आयुष्यभर भात लावून, कापून तिचे हात कष्टानं जड झालेले होते, आणि तरीही तिनं काढलेला प्रत्येक फोटो स्वच्छ आला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर मी तिला यमुनाबाईचा फोटो दाखवला. विळ्याची धार दिसत होती.

“हे तू केलं?” आईनं विचारलं.

“मी एकटीनं नाही. थोडंसं मी.”

तिनं पडद्यावरून बोट फिरवलं. “पुसत न्हाई ना?” म्हणाली. नाही म्हटल्यावर तिनं कॅमेरा पदरानं पुसला, मांडीवर ठेवला आणि चुलीवरचं दूध उतू गेल्याचं तिला मागाहून कळलं.

त्या दिवशी मी इतकी खूश होते की उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. दुपारी नानांच्या जीपमधून राजूरला गेले, ती त्याच आनंदात.

नानांच्या जीपचा सेल्फ स्टार्टर नेहमी रुसलेला असायचा, त्यामुळे प्रवासी भरेपर्यंत ते इंजिन बंदच करत नसत. स्टँडबाहेर जीप धडधडत उभी होती. मी पुढच्या सीटवर बसून रस्त्यापलीकडे लांब असलेल्या शाळेच्या भिंतीवर झूम केला. भिंतीवर बाराखडी रंगवलेली होती. अक्षरं जवळ आली आणि पोहायला लागली. ‘क’ डावीकडून उजवीकडे वाहत होता, ‘का’ त्याच्या अंगावर चढत होता. फोटो काढला तर प्रत्येक अक्षर दुहेरी.

मला वाटलं माझाच हात. कोपर दारावर टेकवून पुन्हा काढला, तेच. मग मनात एक वाईट शंका आली आणि मी स्थिर करणारं बटण बंद केलं. अक्षरं हलत होती, पण पोहत नव्हती. चालू केलं, पुन्हा पोहायला लागली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही दीड वर्ष घातलं, ज्या गोष्टीसाठी लोक हा कॅमेरा घेणार, तीच चित्र बिघडवत होती. आणि त्यातला एक तुकडा माझा होता.

मी बटण पुन्हा एकदा बंद-चालू करून बघितलं. नानांनी शेजारून माझं तोंड बघितलं.

“काय झालं गं?”

“नाना, कॅमेरा बिघडलाय. नाहीतर मी बिघडवलाय.”

मी त्यांना सगळं सांगितलं. लेन्समध्ये काच आहे, ती उलटी सरकते, हात हलला तरी चित्र थांबतं, पण इथं उलटंच होतंय. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डवर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

“ह्या गाडीला एका ठिकानी कापरं भरतं,” ते म्हणाले. “त्याच्या खाली न्हाई, त्याच्या वर न्हाई. आत्ता ती नेमकी तिथं हाय. रेस वाढवू का?”

“वाढवा.”

त्यांनी पायानं हळूच रेस दिली. मी डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच होता. ‘क’ आधी जास्तच नाचला, आणि मग एकाएकी उभा राहिला. ताठ. जसा भिंतीवर रंगवला होता तसा.

“नाना! थांबलं! परत खाली आणा!”

त्यांनी खाली आणली. अक्षरं पोहायला लागली. वर नेली, थांबली. मी ओरडत होते, नाना हसत होते, आणि गाडीत बसलेल्या चार बाया आम्हा बापलेकीकडे बघत होत्या.

“अवो, गाडी सोडायची का न्हाई?” त्यातली एक म्हणाली.

“आज न्हाई सुटायची,” नाना म्हणाले. “मागच्या जीपमदी बसा. पोरीचं काम हाय.”

प्रवासी उतरवून दुसऱ्याच्या गाडीत बसवताना मी नानांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती सगळी दुपार आम्ही तिथेच होतो. नानांकडे इंजिनाचा वेग दाखवणारा काटा नव्हता, त्यांच्याकडे शब्द होते. सगळ्यात खाली ‘घरघर’, त्याच्या वर ‘कापरं’, त्याच्या वर ‘सूर’. मी वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येकाखाली फोटोंचे नंबर लिहीत गेले. ‘घरघर’ला चित्र ठीक. ‘सूर’ला ठीक. ‘कापरं’ लागलं की बाराखडी पोहायला लागे. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. पण हे शब्द मी योकोहामात कुणाला दाखवणार? मग आठवलं, कॅमेऱ्यात आवाजासकट छोटी फिल्म घ्यायची सोय होती. इंजिनाचा ठोका फिल्ममध्ये आला की त्याचा वेग मोजता येईल. मी फिल्म घ्यायला लागले आणि नाना शेजारून सांगत राहिले, क्रिकेटची कॉमेंट्री द्यावी तसे.

तिथल्याच एसटीडी-आयएसडी बूथवरून मी मोरिता-सानना फोन लावला. जुनी जीप, उभी असताना, विशिष्ट वेगाला. मला स्वतःलाच ते ऐकायला कसंतरी वाटत होतं.

“स्थिर करणं बंद केलं की सुधारतं?” त्यांनी विचारलं.

“हाय,” मी म्हणाले.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “लवकर या.”

मी चार दिवस आधी निघाले. पाडव्याच्या सकाळी. आईनं माझ्यासाठी म्हणून करंज्या मागे ठेवल्या होत्या, त्या तिनं डब्यात भरल्या, पण माझ्याशी बोलेना. “आलीस तशी चाललीस,” एवढंच म्हणाली. मी तिला समजावत होते की हे फार महत्त्वाचं आहे. तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, “असंल गं. मला काय ते म्हैत न्हाई व्हय?” त्या वाक्यात राग किती आणि समजूत किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रयोगशाळेत माझ्या वरचे एक इंजिनीअर होते, उएदा नावाचे. हुशार, नेमके आणि थोडे कडक. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, “आपल्या ग्राहकांपैकी अशा गाडीत बसून फोटो कोण काढणार?”

मी उभी राहून बोलले. “गाडी हीच असेल असं नाही. मोटरबोट असेल. सिग्नलला उभी असलेली बस असेल. सहलीला गेलेला माणूस गाडीतूनच फोटो काढतो. आपण फक्त ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचे हात मोजलेत.”

उएदा-साननी माझी वही पुढे ओढली. मोरिता-सान म्हणाले, “आवाज ऐकवा.”

मी फिल्म लावली. आणि योकोहामातल्या त्या पांढऱ्या, शांत खोलीत नाना बोलायला लागले. “सुरेखा, आता घरघर हाय... थांब, रेस देतो... हां, आलं बघ, आलं बघ कापरं... धर तिथंच... आता सोडतो वर... आला सूर.” पडद्यावर बाराखडी ठीक होती, मग पोहली, मग पुन्हा ताठ झाली, नाना म्हणत होते अगदी त्याच क्षणी. मागे कुणाची तरी म्हैस ओरडली. कुणी हसलं नाही.

“काय म्हणतायत ते?” मोरिता-साननी विचारलं. मी एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. ‘कापरं’पाशी अडले. थंडीनं नाहीतर तापानं अंगाला भरतं ते, असं म्हणाले आणि अंग हलवून दाखवलं.

एकानं फिल्मच्या आवाजातून इंजिनाचा ठोका मोजला. आमच्याकडे एक टेबल होतं, ते हव्या त्या वेगानं थरथरवता यायचं. त्यावर कॅमेरा बसवला, समोर चाचणीचा अक्षरांचा तक्ता लावला. उएदा-साननी स्वतः आकडा फिरवला. नानांच्या ‘कापरं’चा आकडा आला आणि पडद्यावरचा तक्ता पोहायला लागला.

खोलीत एकच “ओओ” उठला. उएदा-साननी आकडा थोडा वर नेला. तक्ता थांबला. खाली आणला, पोहला. ते तसं पाच-सहा वेळा करत राहिले, लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसे. मग माझ्याकडे वळले आणि कमरेत वाकून म्हणाले, “तुमच्या वडिलांचे आभार.”

त्यापुढचे दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. कारण सापडलं. थरथरीचा वेग त्या एका ठिकाणी गेला की काच नेमकी उशिरा सरकायची. एका बाजूचा हेलकावा संपून दुसऱ्या बाजूचा सुरू झाला की तिला जाग यायची, म्हणजे ती सावरायच्या ऐवजी ढकलायची. चूक अर्धी सेन्सरमध्ये होती आणि अर्धी माझ्या तुकड्यात. मी ती लपवली नाही. मी माझा भाग पुन्हा लिहिला, उएदा-साननी त्यांचा, आणि कुलूप लागायच्या आदल्या दिवशी टेबल त्या वेगानं थरथरत असताना तक्ता भिंतीवर खिळा ठोकल्यासारखा स्थिर राहिला. आम्ही आठ माणसं टाळ्या वाजवत होतो. मी रडत होते आणि मला कुणी थांबवलं नाही.

चाचण्यांच्या यादीत त्या तपासणीला नाव द्यायचं होतं. मोरिता-साननी फळ्यावर जपानी अक्षरांत लिहिलं, ‘कापारा’. पुढे आम्ही केलेला प्रत्येक कॅमेरा ‘कापारा’ पास झाल्याशिवाय बाहेर गेला नाही. आज तिथे काम करणाऱ्या कितीतरी जणांना तो शब्द कुठून आला ते ठाऊकही नसेल.

महिन्याभरानं त्यांनी मला कायमच्या नोकरीचं पत्र दिलं. रविवारी ठरल्या वेळी नाना-आई राजूरच्या बूथवर येऊन थांबायचे. मी धावतच फोन लावला.

“नाना, मला इथं कायम करतायत.”

“कशामुळं?”

“तुमच्या जीपमुळं.”

त्यांनी ते आईला मोठ्यानं सांगितलं. मग म्हणाले, “मग गाडी विकायची न्हाई म्हन आता.” मला त्यांचं हसू ऐकू आलं. त्यांनी फोन आईकडे दिला.

“कायमचं म्हंजे किती दिवस?” आईनं विचारलं.

मी पत्र हातात धरून उभी होते, इतक्या आनंदात होते, आणि तिच्या त्या साध्या प्रश्नानं मला पहिल्यांदा कळलं की मी घर आत्ता, या फोनवर सोडतेय. घोटीला एसटीत बसले तेव्हा दोन वर्षांनी परत येणारच होते. मला परत न येऊ देणारं काम माझ्या घरच्याच गाडीनं मिळवून दिलं होतं. यात कुणाला दोष देणार?

कॅमेरा बाजारात आल्यावर पहिला मी स्वतः विकत घेतला आणि नानांना नेऊन दिला. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली नाही. ते त्याला ‘सुरेखाचा कॅमेरा’ म्हणायचे आणि शेजारच्या सीटवर रुमालात गुंडाळून ठेवायचे.

काही वर्षांनी आई-नाना दोघं योकोहामाला आले. आईला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर आमच्या गल्लीतलं तांदळाचं दुकान. तिथं ती प्रत्येक पोत्यात हात घालायची आणि दुकानदार तिला घालू द्यायचा. नानांना मी ऑफिसात नेलं. मोरिता-सान दारापर्यंत आले आणि वाकले. नानांनी हात जोडले आणि तेही वाकले. मग दोघांनी एकमेकांकडे बघून “हाय, हाय” केलं, आणि मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

जाता जाता मोरिता-साननी विचारलं, “तुमचं घर नेमकं कुठे आहे?” मी नानांना मराठीत सांगितलं, आणि नाना रस्ता सांगायला लागले.

“मुंबईहून निघाला का घोटीला उतरा. तिथून आत वळायचं. बारी गेली की उजव्या अंगाला कळसूबाई दिसती. तिच्याकडं बघत बसू नका, पुढं वळण वंगाळ हाय. शेंडी सोडली की पहिल्या पुलाच्या अलीकडं हाक मारा. कोनीबी दाखवंल.”

मी जपानीत सांगत गेले आणि मोरिता-साननी वही काढून सगळं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी हसून म्हणाले, “नाना, ते नुसतं विचारायचं म्हणून विचारत होते.”

“इचारलं म्हंजे येनार असंल,” नाना म्हणाले.

आणि ते आले. निवृत्त झाल्यावर, एकटे, ती वही घेऊन. पुलाच्या अलीकडे उभं राहून त्यांनी खरोखर हाक मारली. आईनं त्यांना आमच्या खाचरातला भात वाढला. त्यांनी तीनदा मागून घेतला. आई मला फोनवर म्हणाली, “मानूस चांगला हाय गं. भाताला नावं ठिवत न्हाई.”

आता त्या कॅमेऱ्याला कुणी विचारत नाही. त्याच्या दसपट गोष्टी खिशातल्या फोनमध्ये असतात. नाना ऐंशीला टेकलेत, जीप चालवणं सुटलं. जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, माझ्या जुन्या कागदांवर मात्र अजून अहमदनगरच आहे. मी दरवर्षी दिवाळीला जाते आणि भाऊबीज उलटल्याशिवाय निघत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये आमच्याच जिल्ह्यातली, शेवगावची एक मुलगी आली. प्रियांका. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, ती मावशीकडे राहून शिकली. मला मॅडम म्हणायला लागली, मी म्हटलं ताई म्हण. पहिल्या रविवारी तिला जेवायला बोलावलं. दुपारी स्टेशनवरून तिचा फोन आला.

“ताई, फोनवरचा नकाशा गरगर फिरतोय. कुठून येऊ?”

मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे, फोन खांद्यात धरलेला. मी सांगायला लागले.

“स्टेशनला पाठ करून उभी राहा. डाव्या हाताला टोफूवाला दिसेल, त्याच्या कडेनं चढ. चढ लई हाय, घाई करू नको. दम लागला की एक बाकडं येतं, तिथे उन्हाला एक आजी बसलेल्या असतात. त्यांना माझं नाव सांग. त्या दाखवतील.”

फोन बंद झाला आणि मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. पंचवीस वर्षं इथला पत्ता मी कागदावरून वाचून दाखवत आले होते. टॅक्सीवाल्याला, पोस्टात, दवाखान्यात. हाच रस्ता मी कुणाला असा कधी सांगितलाच नव्हता. टोफूवाला, चढ, बाकडं, आजी. तोंडातून आपोआप आलं, न बघता, न आठवता. गावाकडचा रस्ता सांगताना येतं तसंच. मी कधी ठरवलं नव्हतं, आणि तरी इथेही माझं घर झालं होतं. गावचं जराही कमी न होता.

दारावर टकटक झाली. प्रियांका धापा टाकत उभी होती आणि तिच्या मागे, हातात काठी घेऊन, बाकड्यावरच्या आजी. त्या तिला थेट दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

“ये, ये,” मी म्हणाले. “घर सापडलं ना?”

“सापडलं की,” ती चपला काढत म्हणाली. “ह्या आजीला नुसतं ‘सुरेखा’ म्हनले. त्यांनी माझा हातच धरला.”